मोर्चातली पोर

खापरच्या बाजारात एक भाजीवाला आहे. मी दिसले की तो तराजू खाली ठेवतो, डाव्या खांद्यावर थाप मारतो आणि आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतो, "ह्या खांदावर मुतेल शे तू. इसरी गयी का?" गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतात, मी हसते, आणि तो माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकतो.

असे खांदे मला जिल्हाभर आहेत. अक्कलकुव्याच्या स्टँडवर चहा विकणाऱ्या बाईचा आहे, तळोद्याच्या एका निवृत्त मास्तरांचा आहे. मी तान्ही होते त्या हिवाळ्यात पहाडातली आणि मैदानातली माणसं कसत असलेल्या वनजमिनी नावावर कराव्यात म्हणून पायी नंदुरबारला गेली होती. अक्कलकुव्याहून तळोदा, तिथून प्रकाशा, तापीचा पूल ओलांडून कलेक्टर कचेरी. त्या मोर्चात एक तान्ही पोर होती. ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जायची, रांगेत कधी पुढे, कधी मागे. संध्याकाळी मुक्कामाला ती आईकडे परत पोचायची. ती पोर म्हणजे मी, असं सगळे सांगत आले.

आणि मी ते मिरवत आले. आमच्या घरात देवघर नव्हतं. त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील मोर्चा काढणाऱ्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मला बाराखडीच्या आधी 'जाहीर सभा' वाचता यायचं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर माझा अभ्यास झाला. डब्यांखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, मामाकडे लाडू पाठवायचे तर तेही पत्रकात गुंडाळून. मामा म्हणायचा, तुमच्याकडचा लाडू खाल्ला की तहसीलदाराला जाब विचारावासा वाटतो. तिसरीत असताना मी शाळेत उभी राहून सांगितलं होतं की मी चालायला शिकायच्या आधी मोर्चात गेले. पुढे लिहायला लागले तेव्हा पहिल्या लेखाचं पहिलं वाक्यही तेच होतं. ज्या गोष्टीवर मी उभी आहे ती गोष्ट तपासून बघावी असं मला कधी वाटलं नाही. तपासायची ती दुसऱ्यांची गोष्ट, सरकारची, सावकाराची. आपली कशाला?

विसंगती होत्याच. कोणी म्हणायचं माझं टोपडं पिवळं होतं, कोणी म्हणायचं टोपडंच नव्हतं. कोणी म्हणायचं मी रडले नाही, कोणी म्हणायचं अक्कलकुव्यापासून तळोद्यापर्यंत माझं तोंड बंद नव्हतं. मला त्यात गंमत वाटायची. इतके खांदे म्हटल्यावर इतक्या गोष्टी असणारच.

यंदा वडिलांच्या बोटांना कंप सुटला आहे. मोर्चाच्या आठवणीसाठी दर हिवाळ्यात अक्कलकुव्याला मेळावा होतो, त्याचं पत्रक या वेळी मी लिहायचं ठरलं. मी एका बैठकीत लिहून काढलं. वनजमिनींच्या दाव्यांची फाईल अजून कशी फिरते आहे, कोण अडवतं आहे, सगळं त्यात होतं. मधोमध ती पोर होती. मी लिहिलं की तिची आई पहाटे पुढे निघून मुक्कामाच्या जागी चुली मांडायची आणि पोर दिवसभर लोकांच्या खांद्यांवरून यायची. चुलींचं हे मला कोणी सांगितलं होतं, आठवत नाही. बाजारात, स्टँडवर, कुठेतरी ऐकलेलं.

वडिलांचा एक नियम आहे आणि तो त्यांनी आयुष्यभर पाळला. पत्रक छापखान्यात जायच्या आधी ते ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायचं, त्यांच्या बोलीत, वाक्य न् वाक्य. कोणी हरकत घेतली तर ते वाक्य खोडायचं. लहानपणी मला हा नियम कंटाळवाणा वाटायचा, कारण त्यापायी वडील चार चार दिवस घरी येत नसत. मोठेपणी मला त्याचा अभिमान वाटायला लागला. माझा कागद घेऊन मी मोलगीच्या वाटेवरच्या एका पाड्यावर गेले.

अंगणात वीसेक माणसं जमली. संघटनेचा तिथला एक कार्यकर्ता माझं वाक्य झालं की त्यांच्या बोलीत सांगायचा. माणसं माना हलवत होती. कडेला एक बाई सुपाने भगर पाखडत होती. तिला मी ओळखत होते, म्हणजे मेळाव्यात मागच्या रांगेत पाहिलेली. मी तिला काकी म्हणायचे, ती मला पोरी म्हणायची. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं. चुलींचं वाक्य सांगून झालं आणि सूप थांबलं.

ते पुन्हा वाच, असं ती म्हणाली. मी पुन्हा वाचलं. तिने सूप खाली ठेवलं.

"ती पोर माझी आहे," ती म्हणाली. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे.

मग एक म्हातारा हसून म्हणाला, मोर्चात पोरांना काय तोटा होता, तुझीही असेल, हीही असेल. काकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती म्हणाली, चुलींवरच्या आम्हा बायांची खांद्यावर एकच होती. बाकीच्या बायांनी पोरं सासूजवळ ठेवली होती. मला सासू नव्हती. आणि चुली मांडायला मी होते, पीठ माझ्या डोक्यावर होतं, म्हणून पोर मागे दिली.

मी विचारलं, आता कुठे असते तुमची मुलगी? माझ्या वयाची बाई, सासरी असेल, एवढंच माझ्या डोक्यात. काकीने सांगितलं की ती मोर्चानंतरच्याच पावसाळ्यात गेली. ताप आला, ओढ्याला पाणी होतं, खाली दवाखान्यात नेता आलं नाही. त्यानंतर तिला दोन मुलगे झाले. ते गुजरातेत ऊसतोडीला जातात.

मग तिने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून निघत नाही. ते तीन दिवस तिने पोरीला उजेडात पाहिलंच नव्हतं. पहाटे द्यायची, अंधारात परत घ्यायची. आणून देणाऱ्याला विचारायची, रडली का? तो म्हणायचा, नाही. एवढंच. ती दमलेली असायची, भाकऱ्या थापायच्या राहिलेल्या असायच्या. तिला वाटायचं नंतर कोणीतरी सांगेलच, पोरगी वाटेत काय करायची, कुणाकडे बघायची. पोर वर्षाचीही नव्हती. काकीजवळ पोरीच्या आठवणी मुळात किती असणार? त्यातले तीन दिवस लोकांकडे राहिलेले.

"सगळे सांगतात," ती म्हणाली. "दर वर्षी सांगतात. पण तुला सांगतात."

मी विचारलं, तुम्ही कधी बोलला का नाही? ती म्हणाली की मेळाव्यात बोलतात ते मराठीत. मोर्चातली पोर म्हणून मला पुढे बोलावतात एवढं कळायचं. तिला वाटायचं, मीही असेन कुठल्या दुसऱ्या रांगेत. मोर्चा लांब होता, मागचं टोक तिने पाहिलंच नव्हतं. आज चुलींचं ऐकलं तेव्हा तिला समजलं की ही तिच्याच पोरीची गोष्ट आहे.

परतीच्या जीपमध्ये मी कागदाची घडी करत होते, उलगडत होते. शेजारची बाई म्हणाली, फाटी जाई तो. मला संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. नेहमी माहीत असतं.

घरी आई पडवीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चपला न काढताच विचारलं, मी मोर्चात होते का?

आईने वर पाहिलं. शेंगा सोलायचं तिने थांबवलं नाही. "तू नही व्हती त्या मोर्चामा," ती म्हणाली. "तू मन्हा मांडीवर व्हती, चिंचपाडाले."

मी पडवीच्या पायरीवर बसले आणि तिने सगळं सांगितलं. तेव्हा माझी छाती कफाने भरली होती. वडील मोर्चाच्या तयारीत पाड्यापाड्याने फिरत होते. आई एकटी मला घेऊन चिंचपाड्याच्या मिशनच्या दवाखान्यात गेली. आठवडाभर ती खाटेशेजारी खाली झोपली. तिथल्या एका नर्सने तिला स्वतःच्या डब्यातलं जेवण दिलं. मी बरी झाले त्याच दिवशी मोर्चा नंदुरबारात पोचणार होता. आई मला घेऊन चिंचपाड्याहून गाडीत बसली आणि नंदुरबारला उतरून थेट कचेरीसमोरच्या मैदानात आली. वडिलांनी मला पाहिलं, उचललं आणि तसंच व्यासपीठावर नेलं. दमलेल्या, पाय सुजलेल्या लोकांनी व्यासपीठावर एक तान्ही पोर पाहिली. पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणालं, हीच ती, हिला मी प्रकाशापर्यंत आणलं. दुसरा म्हणाला, आणि मी तळोद्यापर्यंत.

मी आईला विचारलं, तू तेव्हाच का सांगितलं नाहीस?

"मी सांगं एकदाव. हासनात सर्वा. म्हने वहिनी, तुम्ही दमेल व्हतात, तुम्हाले याद नही." आईने शेंगांची टरफलं बाजूला सारली. "मंग तू शायमा उभी ऱ्हायनी नि तेच सांगं. तुन्हा तोंडवर इतला आनंद व्हता. मी काय करू?"

त्या आठवड्याबद्दल घरात कोणी तिला कधी विचारलं नव्हतं. मीही नाही. मोर्चाबद्दल विचारलं, शेकडो लोकांना विचारलं. नर्सच्या डब्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही दुसऱ्याच चौकशीत.

वडील आत खाटेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी आत गेले तर म्हणाले, बस. मी बसले नाही. त्यांना माहीत होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले की सुरुवातीला माहीत होतं, मग विसरले. खरंच विसरले. लोक इतक्या खात्रीने सांगायचे की त्यांनाही मी खांद्यांवरून येताना दिसायला लागले. मला वाटलं हे ढोंग आहे. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि तसं वाटेनासं झालं. तेही कठीणच.

मी म्हटलं, पत्रक बदलायचं. त्यांनी नकाराची मान हलवली. मेळावा तोंडावर आला, माणसं दाव्यांसाठी यायला हवीत, आता हे उकरून काय मिळणार? "लोकेस्नी आठवन शे ती. तिले दुरुस्त कराले ती काय तलाठीना उतारा शे?" आणि थोडं थांबून, "पत्रकमा एकच पोर मावस."

आम्ही भांडलो. मी म्हटलं, एकच मावते ना, मग जिची आहे तिची मावू दे. मी म्हटलं, पुढाऱ्याची पोर लोकांच्या लक्षात राहते आणि भगर पाखडणाऱ्या बाईची पोर पुसली जाते, हे तुम्हीच मला दुसऱ्यांच्या बाबतीत शिकवलंत. ते म्हणाले, लोकांनी प्रेमापोटी केलं. मी म्हटलं, प्रेमापोटी केलं म्हणून परत द्यायचं नाही? शेवटी मी त्यांच्याच नियमावर आले. काकीने हरकत घेतली आहे, वाक्य खोडावंच लागेल. यावर ते भिंतीकडे वळले. उशीर करू नकोस, छापखाना थांबणार नाही, इतकंच म्हणाले.

मी लिहायला बसले. पहिला मसुदा रागाचा होता. त्यात 'आम्ही एका आईचे तीन दिवस हिरावले' असं वाक्य होतं, आणि मला ते फार आवडलं, म्हणूनच फाडलं. दुसऱ्यात मी खुलासा केला. तो वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीसारखा वाटला. मी अंगणात येरझारा घालत होते. आई म्हणाली, बैलसुद्धा घाण्याला इतका फिरत नाही. माझं चुकत होतं ते हे, की मी पुन्हा लोकांना सांगायला निघाले होते. पत्रक सांगतं, मला तेवढंच माहीत होतं. काकीला कुणाला काही सांगायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं.

तिसरा मसुदा अर्ध्या पानाचा झाला. दाव्यांचं सगळं वर ठेवलं. खाली लिहिलं की मोर्चात ज्यांनी ज्यांनी एका तान्ह्या मुलीला खांद्यावर घेतलं त्यांनी मेळाव्याला भाषणांच्या आधी यावं. ती मुलगी म्हणजे या पत्रकाची लेखिका नव्हे, गल्लत झाली होती, ती दुसरी मुलगी होती, पुढच्या पावसाळ्यात ती वारली, तिची आई निंबाखाली बसलेली असेल, तिला तुमच्याजवळचं सांगा.

हा कागद घेऊन मी पुन्हा पाड्यावर गेले. काकीने ऐकून घेतलं. मग तिने एकच वाक्य काढायला लावलं.

"मेली असं लिहू नको," ती म्हणाली. "मेली कळलं की सगळे गोडच बोलतील."

मी ते खोडलं.

मेळाव्याच्या दिवशी मी सकाळपासून मैदानात होते. निंबाखाली सतरंजी टाकली होती. काकी आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, पाड्यातल्या दोन बायांना घेऊन, आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसली, उठायला सांगतील की काय अशी. लोक यायला लागले आणि नेहमीसारखे माझ्याकडेच आले. पत्रक वाचणारे वाचतात, पण पाय सवयीने चालतात. मी प्रत्येकाला म्हणायचे, मी नव्हे, त्या काकींची मुलगी होती, तिकडे जा. काही गोंधळले. काहींना राग आला. एका म्हाताऱ्याने विचारलं की हे कुठल्या बैठकीत ठरलं. एक काका दर मेळाव्याला माझ्यासाठी घरचा पेरू आणायचे. ते हातातल्या पेरूकडे बघत म्हणाले, "मंग इतला साल मन्हा पेरू कोनी खादा?" मी म्हटलं, मीच खाल्ला. ते म्हणाले, "मंग आते बी खाय," आणि पेरू माझ्या हातात कोंबून निंबाकडे निघाले.

पुष्कळ जण गेलेच नाहीत. चहाच्या गाड्यापाशी उभं राहून लांबून बघत राहिले. ज्या गोष्टी ते मला हसत सांगायचे त्या एका अनोळखी बाईसमोर सांगायच्या म्हटल्यावर त्यांची जीभ जड झाली. मला त्यांना ओढत न्यावंसं वाटत होतं. आईने माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

जे गेले त्यांचंही काही धड नव्हतं. एकीने सांगितलं की पोरीच्या पायात चांदीचे वाळे होते. काकी म्हणाली, नव्हते, काळा दोरा होता. दुसरीने झालरीच्या फ्रॉकचं सांगितलं. काकी आणि तिच्यासोबतच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. झालर कुठून येणार, म्हणाल्या. तो फ्रॉक माझा होता, आईने नंदुरबारच्या स्टेशनवर उतरताना मला घातलेला. तळोद्याच्या मास्तरांनी भाषण सुरू केलं, लढ्याची ती बालसैनिक वगैरे. काकीने त्यांना मध्येच विचारलं, तुमच्याकडे असताना तिला झोप लागली होती का? मास्तर थांबले. चष्मा पुसला. म्हणाले, हो, झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि माझ्या कॉलरवर लाळ. मग मास्तर भाषण विसरले.

खापरचा भाजीवाला आला. तो आज थाप मारत नव्हता. म्हणाला, तुमच्या पोरीने माझा खांदा भिजवला होता. काकीने विचारलं, रागावलास? तो म्हणाला, रागावलो होतो, एकच सदरा होता. इतक्या वर्षांत हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मला तो नेहमी हसूनच सांगायचा. काकीला हे आवडलं. ती पुढे सरकून सतरंजीच्या मधोमध बसली.

भाषणं सुरू व्हायची वेळ झाली आणि प्रकाशाकडचा एक शेतकरी आला. त्याला मी ओळखत नव्हते. तो दर वर्षी येत नाही. मोर्चा त्याच्या गावावरून गेला तेव्हा तो आपण होऊन पुलापर्यंत सोबत गेला होता, आणि कोणीतरी पोर त्याच्या हातात दिली होती. तो काकीसमोर उकिडवा बसला. काकीला अहिराणी समजते, बोलता येत नाही. त्याने सांगितलं की पुलावर गेल्यावर पोरीने तापी पाहिली. इतकं पाणी तिने पाहिलेलंच नसावं. ती दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर मारायला लागली. पुलाचा निम्मा भाग मागे पडला तशी मान वळवून वळवून मागे बघायला लागली, कुरकुरायला लागली.

"मंग मी उलटा चालनू, बाई," तो म्हणाला. "तिले पानी दिसाले पाहिजे म्हनीसन."

मोर्चात तो उलटा चालत राहिला. मागचे लोक अंगावर आदळत होते, शिव्या देत होते. एकाने विचारलं, घरी काही विसरलास का. तो थोडा वेळ तसाच चालला, मग ठेच लागली आणि सरळ झाला.

काकीने विचारलं, आणि मी दुभाषा झाले, कारण कार्यकर्ता व्यासपीठाकडे गेला होता. पाणी दिसेनासं झालं तेव्हा ती रडली का?

तो आठवायला लागला. मला त्याच्या तोंडात उत्तर कोंबावंसं वाटलं. नाही म्हण, हसली म्हण, काहीही म्हण. तो बराच वेळ मातीत बोट फिरवत बसला. शेवटी म्हणाला, "नही याद येत, बाई. खोटं कसाले बोलू?"

काकीने मान हलवली. मग तिने त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्याने सांगितलं. डोक्यावर कुठे मारत होती, तेही तिने विचारलं. त्याने टोपी काढून दाखवलं. त्या जागी आता केस नाहीत. काकीने हात पुढे केला, टेकवला नाही, मागे घेतला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून मला हाक आली, नेहमीच्याच शब्दांत, मोर्चातली आपली पोर. मी गेले. माझ्या कागदावर मुद्दे होते. मी म्हटलं, मोर्चा निघाला तेव्हा मी चिंचपाड्याला दवाखान्यात होते, माझी आई माझ्या खाटेशेजारी खाली झोपत होती. समोर कुजबुज झाली. मग मी दाव्यांवर बोलले. टाळ्या दर वर्षीपेक्षा कमी पडल्या. वडील पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. आई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या शेजारची बाई तिला काहीतरी विचारत होती. आई उत्तर देत होती, लांबलचक, हात हलवून.

दुपारी पहाडात जाणारा ट्रक लागला. मी काकीला चढवायला गेले. ती आधीच वर होती, पोत्यांना टेकून, भोवती पाड्यातल्या बाया. त्यातली एक तरुण होती, मांडीवर पोर घेतलेली. काकी सांगत होती. मला तिची बोली अर्धीमुर्धी समजते, पण हे सगळं समजलं. तापी किती मोठी होती ते तिने हात पसरून दाखवलं. स्वतः मात्र त्या पुलावरून ती पहाटेच्या अंधारात, पीठ डोक्यावर घेऊन गेलेली. तिच्या सांगण्यात तो शेतकरी पूल संपेपर्यंत उलटा चालला. त्याच्यामागचे दोन जणही वळले. मग ती सगळी रांग पोरीसाठी पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

माझं तोंड उघडलं. त्याने थोडा वेळ म्हटलं होतं, ठेच लागेपर्यंत. रांग थांबली नव्हती, लोक शिव्या देत होते. मला हे सांगायचं होतं, आत्ताच, उद्यापर्यंत ते घट्ट व्हायच्या आधी. माझीही गोष्ट अशीच सुरू झाली असणार, एखाद्या ट्रकमध्ये, कुणाच्या तरी आनंदात. मी फळीला धरून उभी होते. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं.

तरुण बाईने विचारलं, मग पोर रडली का?

काकी थांबली. मी तिच्याकडे बघत राहिले.

"ते त्याला आठवत नाही," ती म्हणाली.

ट्रक हलला. मी फळी सोडली.